सांधा कुठं हलतोय?

"गेलं बे! परत गेलं!"

रात्रीचे दोन वाजलेले. पडद्यावर सगळा धूर आणि त्या धुरातून खाली पडणारे टाक्यांचे तुकडे. पलीकडच्या कॉटवरून आमच्या बार्शीकराने डोक्यावरचं पांघरूण न काढताच विचारलं, "कितवं?"

"चौदावं."

"झोप की मग आता. आणि त्या पंख्याचं तोंड जरा इकडं कर. लॅपटॉपला गार वारं आणि आम्हाला डास, हे बरंय तुझं!"

तर मंडळी, घाबरून जाऊ नये. रेक्टर सरांनी तर अजिबातच घाबरू नये. खोलीत कोणताही स्फोटक पदार्थ नव्हता. (मेसमधली शेंगाचटणी होती, पण ती वेगळी गोष्ट.) फुटत होती ती फक्त माझी रॉकेटं, आणि तीही कॉम्प्युटरच्या पडद्यावर. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा एक गेम आहे. मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने तो २०११ साली पहिल्यांदा लोकांपुढे आणला आणि २०१५ साली त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. गेम तसा जुना, पण माझ्या सेकंडहँड लॅपटॉपलाही जुनंच झेपतं, त्यामुळे आमचं जमलं.

या गेममध्ये मारामारी नाही, गाड्या पळवणं नाही. कर्बिन नावाचा एक ग्रह, त्यावर मोठ्या डोळ्यांची हिरवी माणसं, आणि एक मोठी शेड. शेडमध्ये टाक्या, इंजिनं, पंख, पॅराशूट असे सुटे भाग ठेवलेले. ते एकावर एक जोडायचे आणि उडवायचं. उडालं तर तुमचं नशीब, पडलं तर तुमचं इंजिनिअरिंग! कारण गेमच्या पोटात न्यूटनचे नियम बसवलेले आहेत आणि ते कुणाचीही ओळख ठेवत नाहीत.

माझं पहिलं रॉकेट तिसऱ्या दिवशी कक्षेत गेलं. फार फुशारकी मारण्यासारखं त्यात काही नाही. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीची ६,३७१. तिथं ७० किलोमीटरच्या वर हवा संपते आणि सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग आला की काम होतं. आपल्याकडे त्याच कामाला सेकंदाला जवळपास पावणेआठ किलोमीटर वेग लागतो. तरी त्या रात्री मी अख्ख्या विंगला उठवून दाखवलं होतं. पंढरपूरकर डोळे चोळत म्हणाला, "आता चंद्रावर ने की बे."

झालं! तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

चंद्रावर (गेममध्ये त्याला 'मुन' म्हणतात) जायचं म्हणजे जास्त इंधन. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन. जास्त वजन उचलायला जास्त इंजिनं, आणि त्या इंजिनांना पुन्हा जास्त इंधन! रशियाच्या त्सिओलकोव्हस्की नावाच्या शाळामास्तराने १९०३ साली हे सगळं एका समीकरणात मांडून ठेवलंय. सोप्या भाषेत सांगायचं तर असं, की भरलेलं रॉकेट हे रिकाम्या रॉकेटच्या तिप्पट वजनाचं असताना जेवढा वेग मिळतो, त्याच्या दुप्पट वेग पाहिजे असेल तर भरलेलं वजन सहापट करून भागत नाही, नऊपट करावं लागतं. म्हणूनच रॉकेटचे टप्पे करतात. रिकामी झालेली टाकी उगाच वाहत न्यायची नाही, टाकून द्यायची.

हे मला कळलं होतं. मी टप्पे केले. एकावर एक टाक्या रचल्या. रॉकेट शेडमध्ये उभं राहिलं की दीपमाळेसारखं दिसायचं! पण उडवलं की पाच-सहा किलोमीटरवर मधूनच वाकायला लागायचं. आधी थोडं डावीकडे, मग जास्त उजवीकडे, मग नागाने फणा डोलवावा तसं, आणि मग... "गेलं बे!"

होस्टेलमध्ये सल्ला फुकट मिळतो. अक्कलकोटकर म्हणाला, "ताकद कमी पडालीय, दोन बूस्टर लाव." लावले. पडलं. "चार लाव." चार लावले. आणखी जोरात पडलं. "आठ लाव की मग!" आठ लावल्यावर ते जागेवरच फुटलं, वर जायची तसदीसुद्धा त्याने घेतली नाही.

आता खरं सांगायची वेळ आलीय. ज्या दिवसांत मी रॉकेटला बूस्टर लावत होतो, त्या दिवसांत मी दुसरीकडेही हेच करत होतो. सेकंड इयरला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' म्हणजे आपल्या सगळ्यांचा लाडका एसओएम, त्यात मी एकदा उडालो. हिवाळी परीक्षेत उडालो म्हणून उन्हाळीच्या वेळी मोबाईलवर एका कोर्सचे पैसे भरले, सीनिअरच्या नोट्सची झेरॉक्स काढली, दोन वेगळ्या लेखकांची पुस्तकं आणली, शिवाय यूट्यूबवर तीन चॅनेल धरले. आठ बूस्टर! जुलैमध्ये निकाल लागला. पुन्हा उडालो, आणि आधीपेक्षा दोन मार्कांनी कमी.

घरी सांगितलं नाही. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर आहेत. माझा हा लॅपटॉप त्यांच्या एका सीझनच्या ओव्हरटाइममधून आलाय. त्यांना काय सांगणार? फोनवर "कसं चाललंय?" म्हणाले की मी "बरं चाललंय" म्हणायचो. ते "बरं" म्हणायचे. दोन "बरं"मध्ये आमचं बोलणं संपायचं.

मधल्या काळात मी तोल या विषयाचा थोडा अभ्यास केला. (एसओएमचा केला असता तर!) त्याला कारण झाली आपली गड्ड्याची जत्रा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते आणि सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. नंदीध्वज म्हणजे दुमजली घरावरून वर दिसणारी सजवलेली उंच काठी. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस ती कमरेशी पेलून चालतो. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. मी गर्दीत उभा राहून बघत होतो. काठी पुढं कलली की माणूस मागं ओढत नाही. तो पुढं पाऊल टाकतो, म्हणजे काठीच्या खाली जातो. ती डावीकडे गेली की तो डावीकडे. वरचं टोक सांभाळायचं काम खालचे पाय करतात.

रॉकेटही असंच आहे! खाली इंजिन, वर सगळं वजन. रॉकेट कललं की इंजिनाचं नॉझल थोडं वळतं आणि पाय सरकवल्यासारखं रॉकेटच्या खाली येतं. पण यात एक मेख आहे. नंदीध्वजाची काठी ताठ असते. ती मधूनच लवचीक असती तर? वरचं टोक डावीकडे, पोट उजवीकडे, आणि खालच्या माणसाने बघायचं कुणाकडे? माझ्या रॉकेटचं तसंच व्हायचं. तोल मोजणारी कुपी वरच्या टोकाला, दुरुस्ती करणारं इंजिन तळाला, आणि मधे सगळं लिबलिबीत. इंजिन दुरुस्ती करायचं, ती वर पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा, मग ते उलटी दुरुस्ती करायचं. झोका वाढतच जायचा.

दुसरी गोष्ट होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामात कळली. दारूच्या बाणाला काडी कशासाठी असते? लहानपणी काडी मोडलेला बाण उडवला आहे का कुणी? तो शेजारच्यांच्या खिडकीत जातो! (अनुभवाचे बोल.) काडीमुळे हवेचा दाब वजनाच्या मध्याच्या मागं पडतो आणि बाणाचं शेपूट मागंच राहतं. गेममध्ये त्यासाठी शेडमध्ये दोन गोळे दिसतात. पिवळा गोळा म्हणजे वजनाचा मध्य, निळा गोळा म्हणजे हवेच्या जोराचा मध्य. उभ्या रॉकेटमध्ये पिवळा वर आणि निळा खाली असला पाहिजे. माझे उलटे होते, कारण मुनवर उतरायच्या यानाला हौसेने मी वरच मोठे पंख लावले होते. ते काढून खाली चार पंख लावले. रॉकेट पाचऐवजी नऊ किलोमीटरपर्यंत गेलं, पण वाकणं काही थांबेना.

ऑगस्टमध्ये एके दिवशी संध्याकाळी अण्णांचा फोन. "सोलापुरात हाय. डोळं दाखवायला आलतो. शेवटची एस.टी. गेली. तुझ्याकडं येऊ का?" माझ्या पोटात गोळा आला. पिवळा की निळा, माहीत नाही. रेक्टर सरांची परवानगी काढली. अण्णा आले, मेसमध्ये जेवले, भाजीला नावं न ठेवता जेवणारे या वर्षातले ते पहिलेच गृहस्थ असावेत. पंढरपूरकर गावी गेला होता, त्याच्या कॉटवर झोपले. कारखान्यातल्या माणसाला पडल्या पडल्या झोप लागते. मी लाईट बंद केली, हेडफोन घातले आणि लॅपटॉप उघडला.

सतरावं रॉकेट. वर गेलं. डोलायला लागलं. मी श्वास रोखून बघतोय, आणि कानामागून आवाज आला, "मधला सांधा हलतोय."

मी दचकून हेडफोन काढले. अण्णा केव्हाचे मागं उभे होते कोण जाणे. पडद्यावर स्फोट झाला.

"आं?"

"मदला सांधा. ती लांबडी टाकी अन् त्याच्या खालची. तिथं हलतंय. वर न्हाय अन् खाली बी न्हाय." ते खुर्ची ओढून बसले. "परत लाव बरं."

मी लावलं. ते डोळे बारीक करून बघत राहिले, मिलचा आवाज ऐकताना बघतात तसे. "उसाची डबल ट्रॉली बघितलीस न्हवं? हेड भारीतलं असू दे, मागची ट्रॉली झुलतीच. का? मदी पिन हाय. जितक्या पिना तितकी झुल. तू हेड मोठं करत बसलास, पिना तशाच."

"मग काय करू?"

"लांबी कमी कर. आठ बारक्या टाक्या कशापायी? दोन जाड बसव. अन् टेकू दे."

मी अवाक्. गेममध्ये 'स्ट्रट' नावाचा भाग आहे, म्हणजे टेकूच! मी तो वापरलाच नव्हता, कारण त्याने वेग वाढत नाही. आणि बारीक लांब खांब लवकर वाकतो, जाड आखूड वाकत नाही, हे तर ऑयलर नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलंय. खांबाची लांबी दुप्पट केली की तो पेलू शकेल ते वजन चौथाई होतं, आणि भरीव गोल खांबाची जाडी दुप्पट केली की सोळापट वाढतं. हे कुठल्या विषयात आहे? एसओएम! मी ते दोन वेळा पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि रात्री येऊन बारीक लांब रॉकेटं रचली होती.

मग अण्णांनी विचारलं, "पडल्यावर ते कशानं पडलं, ते कुठं लिवून येत न्हाय व्हय?"

येतं. एफ-थ्री बटण दाबलं की गेम सगळा हिशेब दाखवतो. कितव्या सेकंदाला कोणत्या दोन भागांमधला जोड तुटला, त्यानंतर काय काय कशावर आदळलं. मी ते बटण दाबलं आणि इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगितलं. पहिलीच ओळ होती, मधल्या टाकीचा आणि तिच्या खालच्या भागाचा जोड तुटला.

"म्हंजे ते दर वेळी सांगतंय. अन् तू वाचत न्हाईस?"

मी काही बोललो नाही. सतरा वेळा रॉकेट पडलं होतं आणि सतरा वेळा मी धूर बघून 'पुन्हा' हे बटण दाबलं होतं.

पहाटे साडेतीनपर्यंत आम्ही दोघांनी मिळून रॉकेट बांधलं. उंची निम्म्याहून कमी, टाक्या जाड, बाजूला फक्त दोन बूस्टर, ते वर आणि खाली दोन्हीकडे टेकूने बांधलेले, तळाला चार पंख. बुटकं, बसकं, आपल्या कारखान्याच्या टाकीसारखं! उडवलं. पाच किलोमीटर. नऊ. पंधरा. डोललं नाही. बूस्टर सुटले. सत्तर किलोमीटर ओलांडलं. अण्णांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "हां." फिटर लोकांच्या भाषेत याच्यावर कौतुक नसतं.

आणि मग, तशाच आवाजात, "कॉलेजचं कसं चाललंय?"

अंधार होता म्हणून असेल किंवा ते "हां" ऐकलं म्हणून असेल, मला "बरं" म्हणता आलं नाही. सगळं सांगितलं. दोनदा उडालो, कोर्सचे पैसे गेले, थर्ड इयरचं वर्ष त्याच्यामुळं अडकू शकतं. बार्शीकराच्या कॉटवरचं घोरणं मधेच थांबलं होतं, म्हणजे तोही ऐकत होता.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, आता लॅपटॉप घेऊन जातील. ते म्हणाले, "पेपर बघितलास का?"

"कुठला?"

"तू लिवलेला. कुठं तुटलं ते बघितलंस का?"

नव्हता बघितला. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते हे मला माहीत होतं. मागवली नव्हती, कारण स्वतःचा फुटलेला पेपर कोण बघत बसणार? अर्ज करायची मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

"सांधा कुठं हलतोय ते बघ आदी," ते म्हणाले. "मग काय लावायचं ते लाव." आणि कॉटवर जाऊन झोपले. मला मात्र झोप आली नाही.

सकाळी एस.टी. स्टँडवर चहा घेताना मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, "अण्णा, रॉकेटचे भाग वालचंदनगरला बनतात, माहितेय का?"

कपबशी हातातच राहिली. "आपल्या? इंदापूरच्या?"

"हो. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटने गेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे बूस्टर होते. एकेक ३.२ मीटर व्यासाचा, प्रत्येकात २०० टनांहून जास्त घन इंधन. त्याच्या पोलादी कवचाचे तुकडे करतात, डोक्याकडचा, मधला आणि नॉझलकडचा. वालचंदनगर इंडस्ट्रीज ते बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एक."

"आरं, साखर कारखान्याच्या मशीनरीवर नाव असतंय त्यांचं. गिअरबॉक्सवर," ते म्हणाले. "तेच?"

"तेच." आणि त्या वालचंदनगरचे वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरातच १८८२ साली जन्मले, त्यांनीच १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, हेही सांगून टाकलं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरलं, तेव्हा मी बारावी होऊन ऍडमिशनच्या राऊंडमध्ये लटकलो होतो. आम्ही दोघांनी ते एकाच मोबाईलवर बघितलं होतं. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "असलं बनवणारी माणसं कुठं शिकत असतील रे?" त्याच आठवड्यात मी मेकॅनिकल भरलं. आणि आता, दोन वर्षांनी, ते चहाच्या गाड्यावर उभे राहून स्वतःच्या हाताकडे बघत होते. ज्या कारखान्याच्या मशीनचे बोल्ट ते दर ऑफ सीझनला आवळतात, त्याच कारखान्यातली कवचं आकाशात जाऊन आली होती. "सांधा चांगला केला असणार त्यांनी," एवढंच म्हणाले आणि गाडीत चढले.

ते गेल्यावर मी इस्रोचा जुना इतिहास वाचून काढला आणि थक्क झालो. माझ्या आधी हे सगळं तिथं घडून गेलंय! आपलं पहिलं उपग्रह सोडणारं रॉकेट एसएलव्ही-३. बावीस मीटर उंच, १७ टन वजन, ४० किलोचा उपग्रह नेणारं. १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं, १८ जुलै १९८० ला रोहिणी कक्षेत गेली. त्याच्या घन इंधनाच्या कामात आपले डॉ. वसंत गोवारीकर होते. पुढं ४० च्या जागी १५० किलो न्यायचं ठरलं. मग काय केलं? एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्यासारख्याच दोन मोटरी दोन्ही बाजूंना लावल्या. बूस्टर! या रॉकेटचं नाव एएसएलव्ही. २४ मार्च १९८७ ला पहिलं गेलं, बाजूच्या मोटरी जळून संपल्या आणि मधली पेटलीच नाही. १३ जुलै १९८८ ला दुसरं गेलं, ते हवेतच तोल जाऊन मोडलं.

म्हणजे अक्कलकोटकराचा सल्ला खुद्द इस्रोलाही महागात पडला होता! पण पुढची गोष्ट महत्त्वाची. त्यांनी लगेच तिसरं उडवलं नाही. जवळपास चार वर्षं थांबले. नोंदी काढून बघितलं, तर बाजूच्या मोटरी संपतात आणि मधली पेटते, त्या मधल्या क्षणात रॉकेटला धरणारं कुणी नसतं, आणि हवेचा मारा तर तेव्हाच सगळ्यात जोराचा. दोन ताकदींच्या मधला सांधा! मग तळाला पंख बसवले आणि मधली मोटर ठरलेल्या सेकंदाला न पेटवता, बाजूच्या मोटरींचा जोर ओसरतोय हे ओळखून पेटेल अशी व्यवस्था केली. २० मे १९९२ ला तिसरं एएसएलव्ही उपग्रह घेऊन गेलं, कक्षा थोडी खालची मिळाली. ४ मे १९९४ चं चौथं पूर्ण यशस्वी. त्या शिकण्यावर पुढं पीएसएलव्ही उभं राहिलं, आणि त्याच रस्त्याने ६४० टनांचं एलव्हीएम-३.

सांध्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, त्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण अमेरिकेचं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला नष्ट झालं, सात जण गेले. कारण होतं बूस्टरच्या दोन तुकड्यांमधला जोड आणि थंडीने कडक झालेलं त्यातलं रबरी कडं. तो जोड धोक्याचा आहे हे आधीच्या उड्डाणांत दिसलं होतं. लिहून आलेलं होतं. वाचून थांबायला हवं होतं, ते थांबले नाहीत.

माझी फोटोकॉपी आली. चार दिवस पाकीट उघडलं नाही. शेवटी एसओएम शिकवणाऱ्या सरांकडे घेऊन गेलो. सरांनी पानं उलटली आणि लाल पेनने एकाच जागी गोल केला, मग दुसऱ्या प्रश्नात, मग तिसऱ्या. तीच चूक! बीमवर सगळीकडे पसरलेला भार असला की तो त्याच्या मधोमध आहे असं धरून मोमेंट काढायचा असतो. मी तो टोकाला धरत होतो. पहिल्या ओळीत चूक, मग रिअ‍ॅक्शन चुकीची, मग आकृती चुकीची, आणि त्यावर रचलेली तीन पानं व्यर्थ. ऑयलरचा फॉर्म्युला मात्र अचूक लिहिला होता! वरचे टप्पे चांगले होते, पहिला सांधाच हलत होता. सर म्हणाले, "हे अकरावीचं फिजिक्स आहे रे." मी अकरावीचं पुस्तक धाकट्या बहिणीकडून मागवलं. कोर्स नाही, चॅनेल नाही. ते एक प्रकरण आणि पंधरा दिवस रोज चार बीम.

हिवाळी परीक्षेत एसओएम निघाला. मार्क विचारू नका, पण काठावर नाही.

मुनवरही पोचलो. आता शेवटचं प्रामाणिकपणे सांगतो. उतरलो, टाळ्या वाजल्या, अख्खी विंग खोलीत जमलेली, आणि यान सावकाश कलंडून आडवं झालं! उंच यान, अरुंद पाय, जमीन उताराची. अक्कलकोटकर म्हणाला, "आता ह्याला बूस्टर लाव." पण या वेळी कुणी 'पुन्हा' दाबलं नाही. आधी एफ-थ्री दाबलं. चांद्रयान-२ चं विक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये आदळल्यावर पुढच्या वेळी इस्रोने इंजिनं वाढवली नाहीत, पाचाची चार केली. पाय मजबूत केले, आणि उतरायची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनावरून ४ गुणिले २.४ किलोमीटर धरली. आम्हीही पाय रुंद केले, यान बुटकं केलं. आता ते उभं आहे.

परवा अण्णांचा फोन आला. सीझन सुरू आहे, मागं मिलची घरघर. मी विचारलं, "कसं चाललंय?" म्हणाले, "कालधरनं एक बेअरिंग तापतंय. बघाय लागलोय." थोडं थांबून म्हणाले, "तुझं?"

मी म्हटलं, "मशीन डिझाईन जड जातंय. दुसऱ्या युनिटपासून."

"हां," अण्णा म्हणाले.